शेवटून पाचवा

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एक मोठे दालन मनासमोर आणा. बाहेर तोक्योचा दमट उन्हाळा आहे, उन्हात ठेवलेल्या सायकलींच्या सीट चटका देत आहेत. पण या दालनात जमीनच बर्फाची आहे. धारदार पाती लावलेले बूट घालून मुले त्या बर्फावरून सूं सूं करत जात आहेत. त्यांच्या हातांत लांब काठ्या आहेत, आणि काठ्यांच्या पुढे रबराची एक काळी चकती पळते आहे. तिला पक म्हणतात. दिसली का चकती? आता तिच्याकडे पाहू नका, तिच्याकडे सगळेच पाहतात. त्या दोन वेण्या घातलेल्या मुलीच्या हातातली काठी पाहा. खालच्या बाजूला जिचा रंग उडाला आहे, ती मी.

मी एक जुनी आइस हॉकीची स्टिक आहे. माझ्या गोष्टीत अभिमान थोडा आणि लाज पुष्कळ आहे. पण लाजेची गोष्टसुद्धा कोणीतरी सांगावी लागते. नाही सांगितली, तर ती आतल्या आत कुजते.

माझा जन्म झाडापासून झालेला नाही. चिरोट्याला जसे पदरावर पदर असतात, तसे कार्बनच्या काळ्या धाग्यांचे पदर एकमेकांवर बसवून मला साच्यात घातले आणि भट्टीत भाजून काढले. मी बाहेर आले ती सडपातळ, चकचकीत आणि जरा गर्विष्ठ. कारण मी कोणा ऐऱ्यागैऱ्यासाठी नव्हते. माझ्या पात्याचा बाक एका मुलाच्या हाताच्या सवयीप्रमाणे मुद्दाम वळवून घेतला होता. तो मुलगा रशियातला, चेल्याबिन्स्क नावाच्या थंड शहरातला. त्याचे नाव येगोर.

येगोरबद्दल एक गोष्ट तुम्हाला नीट समजायला हवी, म्हणून सावकाश सांगते. अमेरिका आणि कॅनडा मिळून आइस हॉकीची एक फार मोठी स्पर्धा चालते. तिच्यातले संघ दरवर्षी एकत्र बसतात आणि जगभरातल्या तरुण मुलांतून आपल्यासाठी मुले निवडतात. एकेका संघाने पाळीपाळीने एकेक नाव घ्यायचे, अशा सात फेऱ्या होतात. त्या दिवशी येगोरच्या आईने केक केला होता. शेजारी जमले होते. पहिली फेरी झाली, दुसरी झाली, शेजाऱ्यांनी केक खाल्ला आणि ते एकेक करून घरी गेले. सातव्या फेरीत, जवळजवळ सगळे संपल्यावर, येगोरचे नाव आले. आई रडली. येगोर उठून उगाचच खिडकी पुसू लागला.

निवड झाली म्हणजे नोकरी लागली, असे नव्हे. त्या संघाने त्याला निरोप पाठवला, “तू उंच आहेस, दणकट आहेस. पण डावीकडे वळून तुला मागे जाता येत नाही. थोडी वर्षे मोठ्या माणसांत खेळ, शीक. मग बघू.”

येगोर बचाव करणारा खेळाडू होता. समोरचा गडी चाल करून आला की त्याच्याकडे तोंड ठेवून उलटे, पाठमोरे जावे लागते. उजवीकडे वळताना येगोर लोण्यासारखा वळे. डावीकडे वळायची वेळ आली की तो जिन्यात अडकलेल्या कपाटासारखा होई. त्याच्या देशातल्या मोठ्या संघात त्याला जागा मिळेना, तेव्हा जपानमधल्या एका संघाने त्याला बोलावले. अशी मी जपानला आले.

तेव्हा जपानच्या उत्तर भागातल्या मोठ्या भूकंपाला काही वर्षे झाली होती. जपानमधल्या संघाचा एक नियम होता. बाहेरून आलेल्या खेळाडूने रविवारी सकाळी त्या भागातल्या मुलांना शिकवायचे. मुलांच्या वर्गाचे प्रमुख ओनोदेरा-सेन्से, म्हणजे ओनोदेरा गुरुजी, हे पांढऱ्या भुवयांचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. ते उत्तरेकडचे. त्यांच्या गावची रिंक, म्हणजे बर्फाचे मैदान, भूकंपात तडकली होती. शेजारच्या गावात बर्फाचा एकच तुकडा शिल्लक होता आणि त्यावर शाळकरी पोरे, कॉलेजची मुले, आजोबा सगळे एकत्र सराव करत. तिथेच त्यांनी एक पद्धत घालून दिली होती आणि ती तोक्योतही चालू ठेवली. ज्याला एखादी गोष्ट चांगली येते, त्याने रांगेत पुढे उभे राहायचे. ज्याला ती शिकायची आहे, त्याने शेवटी. वय विचारायचे नाही.

पाठमोरे जाण्याच्या रांगेत सर्वांत पुढे असे कश्मिरा. वय अकरा. तिचे बाबा, मोहन, एका संशोधन संस्थेत काम करतात. आई, पद्मिनी, त्यांच्याबरोबर आली आणि आता रोज तोझाई लाइनच्या मेट्रोने ओतेमाचीला नोकरीला जाते. घर निशी-कसाईला. कश्मिरा अगदी लहान असताना जपानला आली, त्यामुळे मराठीत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ती हमखास जपानीत देते. पण बर्फावर ती पाठमोरी अशी जाई, की पाठीलाही डोळे असावेत.

आणि रांगेच्या शेवटी, सात-आठ वर्षांच्या चिमुरड्यांच्याही मागे, ताडमाड येगोर उभा राही. त्याने पद्धत समजून घेतली आणि शिट्टी खिशात टाकून सरळ शेवटची जागा धरली. आपल्या संघातल्या मोठ्या गड्यांसमोर धडपडायची त्याला लाज वाटे, मुलांसमोर वाटत नसे. कश्मिरा पुढून ओरडे, “येगोर-सेन्से, गुडघा! गुडघा वाकवा!” आणि तो गुडघा वाकवी. पडे. उठे. पोरे खिदळत. तोही हसे. महिन्यामागून महिने गेले आणि जिन्यातले कपाट थोडे थोडे हलू लागले.

एकदा कश्मिराची काठी मोडली. येगोरने मला तिच्या हनुवटीशी उभे करून माप घेतले आणि करवतीने माझे वरचे टोक कापले. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? कापलेली काठी पुन्हा कधी लांब होत नाही. पण त्याने त्या टोकाला पांढरी पट्टी इतक्या हळुवार गुंडाळली, जशी आई बोटाला चिंधी बांधते. “आता तू माझ्या शिक्षिकेची,” तो मला मोडक्या जपानीत म्हणाला. त्या दिवसापासून कश्मिरा शाळेत, दुकानात, लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगू लागली, “ही माझ्या सेन्सेंची स्टिक आहे. त्यांना अमेरिकेच्या टीमनं निवडलंय!”

इथपर्यंत अभिमानाचा भाग होता. आता दुसरा भाग.

एका शनिवारी कश्मिराच्या घरी येगोरला जेवायला बोलावले. मी दारातल्या चपलांच्या जागेत, छत्र्यांशेजारी उभी होते. तिथून जेवणाचे टेबल दिसते. येगोर वाकून आत आला, तरी वरच्या चौकटीला त्याचे कपाळ लागलेच. त्याने चौकटीलाच “सुमिमासेन” म्हणून माफी मागितली.

“अगं बाई, लागलं का?” पद्मिनीताई धावल्या.

त्याच इमारतीतले सुरेशकाकाही आले होते. ते पाहुण्याला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाले, “वहिनी, हा पाहुणा नाही, अख्खी पंगत आहे. पीठ जास्त भिजवा.”

थालीपीठ, लोणी, काकडीची कोशिंबीर. येगोर मनापासून जेवत होता. लोण्यावर तर त्याचा भारीच जीव जडला. कश्मिराला राहवेना. “काका, सेन्सेंना अमेरिकेच्या टीमनं निवडलंय. होंतो! खरंच!”

“अस्सं? कितवा नंबर आला?” सुरेशकाकांनी विचारले.

मित्रांनो, हा प्रश्न आपल्या घरांत पाण्याच्या पेल्याइतका सहज पुढे येतो. कश्मिराने तो इंग्रजीत येगोरला विचारला. येगोरने हातातला तुकडा खाली ठेवला.

“टू हंड्रेड सिक्स,” तो म्हणाला. “लास्ट राउंड.”

“दोनशे सहावा? आणि एकूण घेतले किती?”

“टू हंड्रेड टेन.”

“म्हणजे शेवटून पाचवा!” सुरेशकाकांनी मांडीवर थाप मारली. “मोहन, आपल्या वेळी मेरिट लिस्टमध्ये पन्नासावा आलेल्याच्या घरी लोक पेढा खाताना विचारायचे, पेपरच्या वेळी बरं नव्हतं का हो?”

मोहन हसले, पण ते मुळात मायाळू. त्यांनी येगोरच्या खांद्यावर हात ठेवला आणि इंग्रजीत समजूत घातली, “काळजी करू नकोस. पुढच्या वर्षी पुन्हा बस. या वेळी नीट तयारी कर.”

“पुन्हा बसता येणार नाही,” येगोर म्हणाला. “माझी निवड झाली आहे.”

“अरेरे,” मोहन म्हणाले.

सगळ्यांत वाईट ते ‘अरेरे’ होते. येगोरला मराठी येत नव्हते, पण ‘अरेरे’ कोणत्याही भाषेत कळते.

“कशू, तुझा गुरू शेवटच्या बाकावरचा निघाला की गं!” सुरेशकाका म्हणाले.

कश्मिराचे कान तापले. इतके दिवस तिने ज्याची बढाई मारली, तो हा? तिच्यापुढे दोन रस्ते होते. सेन्सेंच्या बाजूने काही बोलावे, किंवा हसणाऱ्यांत सामील व्हावे. ती हसली, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसली.

येगोरही हसला, जरा उशिराने. पद्मिनीताईंनी ताटात आणखी एक थालीपीठ वाढायला घेतले, तर त्याने पोटावर हात ठेवून नको म्हटले. निघताना बूट घालायला तो माझ्याजवळ बसला. माझ्या पट्टीचे टोक थोडे सुटले होते, ते त्याने अंगठ्याने दाबून चिकटवले आणि दार हळू लोटून घेतले. मी काठी आहे, मला मान नाही. असती तर मी ती त्या वेळी खाली घातली असती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. कपडे बदलायच्या खोलीत कश्मिरा हारुतोला, तिच्या वर्गातल्या खोडकर मुलाला, आपणहून म्हणाली, “माहीत आहे का? येगोर-सेन्से बिरी आहेत. जवळजवळ बिरीच.”

बिरी म्हणजे सर्वांत शेवटचा. शर्यतीत मागे पडणाऱ्याला जपानी मुले असे चिडवतात.

“पण ते तर तुझे सेन्से ना?” हारुतो म्हणाला. “स्टिकसुद्धा त्यांचीच मिरवतेस.”

“माझे कुठले? आणि ही बाबांनी जुन्या सामानाच्या दुकानातून आणलीय.”

पातळ भिंतीपलीकडच्या बाकावर येगोर बुटांच्या नाड्या बांधत होता. जपानी त्याला फारसे येत नसे, पण मुलांचे शब्द त्याला मुलांकडूनच येत. दार उघडेच होते. मला तो दिसला, आणि बाहेर पडताना कश्मिरालाही. त्याची नाडी बांधून झाली होती, तरी तो खालीच पाहत राहिला.

त्या दिवशी रांग लागली, तेव्हा येगोर शेवटी उभा राहिला नाही. कडेला थांबून तो शिट्टी वाजवत राहिला. ओनोदेरा-सेन्सेंनी त्याच्याकडे पाहिले, मग रांगेकडे पाहिले, आणि सराव सुरू केला. पुढच्या रविवारीही तसेच. मोठ्यांच्या सामन्यात एक चपळ गडी येगोरच्या डाव्या बाजूने निघून गेला आणि गोल झाला. जिन्यात कपाट पुन्हा अडकले होते.

कश्मिराने हट्ट करून नवी स्टिक घेतली. मला बाल्कनीत, लादी पुसायच्या मॉपमागे ठेवण्यात आले. मित्रांनो, तुमच्याकडे एखादी बॅट, रॅकेट, काठी असेल तर ती ओली ठेवू नका, पुसून ठेवा. तिची पट्टी सैल झाली तर नवी गुंडाळा. हे मी कोरडेपणाने सांगत नाही. बाल्कनीतल्या पावसाने माझ्या पट्टीखाली बुरशी धरली, म्हणून सांगते. पण त्या बुरशीची मला लाज वाटली नाही. जुन्या सामानाच्या दुकानातून आणलेली, या शब्दांची वाटली. ज्याने मला स्वतःच्या हाताने कापून दिले, त्याचे नाव माझ्यावरून पुसले गेले होते, आणि मला तोंड नव्हते.

एका संध्याकाळी पद्मिनीताई वाळलेले कपडे काढायला बाल्कनीत आल्या. चिमटे गोळा करायला कश्मिरा मागे होती.

“कशू, ही इथे का?”

“जुनी झाली.”

“जुनी झाली, की शेवटून पाचव्याची आहे म्हणून?”

कश्मिरा चिमट्यांशी खेळत राहिली.

“मला एक सांग,” पद्मिनीताई चादरीची घडी घालत म्हणाल्या, “त्या दिवशी सगळ्यांनी विचारलं कितवा. पण किती मुलांतून, ते कोणी विचारलं का?”

आतल्या खोलीत मोहन फोनवर काही वाचत होते. त्यांच्याही कानावर हे गेले. त्यांनी फोनवरच शोधले, आणि थोड्या वेळाने ते बाल्कनीच्या दारात आले. चेहरा उतरलेला.

“पद्मिनी, अगं, सगळ्या जगातून. कॅनडा, रशिया, स्वीडन, फिनलंड, सगळीकडची त्या वयाची मुलं. हजारो. त्यातून दोनशे दहा.”

“आणि तुम्ही त्याला काय म्हणालात?”

“नीट तयारी कर म्हणालो.” मोहन पालथ्या बादलीवर बसले. “घरी बोलावून, जेवायला घालून! आता त्याला तोंड कसं दाखवू?”

“बाबा,” कश्मिरा म्हणाली. या वेळी ती मराठीत बोलली. “मी त्याहून वाईट बोललेय. आणि त्यांनी ते ऐकलंय. तेव्हापासून ते रांगेत येत नाहीत.”

कोणी तिला रागावले नाही. रागावले असते, तर तिला बरे वाटले असते. तिने मॉप बाजूला केला, मला उचलले आणि फ्रॉकच्या टोकाने पुसू लागली.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी कोणाला कितवा म्हणून विचाराल. विचारा, त्यात पाप नाही. पण ज्याला विचारता, त्याच्या हातातला घास खाली जातो का, एवढे पाहा. वस्तू निष्काळजीपणाने झिजते, ती निदान दिसते. माणसाचे तसे दिसत नाही.

पुढच्या रविवारी अमेरिकेहून एक गृहस्थ आले. लोकरी टोपी, हातात कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातून, घेतलेली कॉफी. येगोरला निवडणाऱ्या त्या संघाचे हे शिक्षक. निवडलेली मुले कुठे कशी घडत आहेत, हे ते देशोदेशी फिरून पाहतात. संघाने येगोरसाठी ठरवलेली मुदत त्या उन्हाळ्यात संपणार होती. त्याला शिबिराला बोलवायचे की त्याचे नाव सोडून द्यायचे, हे याच फेरीत ठरायचे होते. मोहनही त्या दिवशी आले होते. कठड्यापाशी उभे राहून ते मनात इंग्रजी वाक्ये जुळवत होते आणि येगोर जवळून गेला की ती विसरत होते.

“तू मला लिहिलं होतंस,” ते गृहस्थ येगोरला म्हणाले, “की डावीकडे वळणं तू इथे शिकतो आहेस, एका रांगेत. मला ती रांग बघायची आहे. तू कुठे उभा राहतोस?”

येगोरने रांगेकडे पाहिले. मग खाली बर्फाकडे.

“मी शिकत नाही,” तो म्हणाला. “मी फक्त शिकवतो.”

एवढा मोठा मुलगा, पण त्याचे कान कोवळ्या पोरासारखे लाल झाले होते. त्या गृहस्थांनी कॉफीचा घोट घेतला आणि मान हलवली. ती मान हलवणे चांगले नव्हते. ओनोदेरा-सेन्सेंनी हात वर केला. रांग तयार होती. सर्वांत पुढे कश्मिरा, हातात मी. तिने मला इतके घट्ट धरले होते, की हातमोज्यातूनही मला तिची बोटे कळत होती. तिने प्रत्येक शब्द ऐकला होता. त्या रांगेत इंग्रजी आणि जपानी दोन्ही कळणारी ती एकटीच होती.

शिट्टी झाली. कश्मिरा निघाली नाही.

“निघ ना!” मागून हारुतो म्हणाला. “झोपलीस का?”

“ओनोदेरा-सेन्से,” कश्मिरा मोठ्याने म्हणाली, “मला रांगेतली जागा बदलायची आहे.”

“का? उलटं जाणं तुला येतं.”

“ते येतं. मला दुसरं शिकायचं आहे.”

म्हाताऱ्याच्या पांढऱ्या भुवया वर गेल्या. काय शिकायचे आहे, ते त्यांनी विचारले नाही. त्यांनी नुसता हात पुढे केला, म्हणजे जा.

कश्मिरा रांगेच्या कडेने मागे निघाली. हारुतोला ओलांडले, मोठ्या मुलींना ओलांडले, नाक पुसणाऱ्या चिमुरड्यांना ओलांडले.

“ए, कुठे चाललीस?” हारुतो ओरडला. “शेवटी? बिरी होशील!”

“हो,” ती म्हणाली.

शेवटच्या चिमुरड्यामागे आल्यावरही ती थांबली नाही. एक ताडमाड माणूस उभा राहू शकेल एवढी जागा तिने सोडली, आणि मग उभी राहिली. मला तिने आपल्या पाठीमागे बर्फावर आडवी ठेवली, रेघ ओढावी तशी, म्हणजे तिच्यामागे कोणालाही उभे राहता येऊ नये. मग ती येगोरकडे वळली, कमरेत वाकली, आणि आपल्या पुढच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवून म्हणाली, “येगोर-सेन्से, या. इथे, माझ्या पुढे.”